शिवणीत अडकलेला मासा

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मालवणला किल्ल्याजवळ स्कूबा केलं. इन्स्टा३६० एक्स३, म्हणजे चहूबाजूंचं एकदम टिपणारा ३६० अंशांचा कॅमेरा, नेला होता. १० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे म्हणून पाण्याखालची वेगळी केस (कॅमेऱ्याची बंद डबी) घेतली नाही. आम्ही जेमतेम ५ मीटर खाली होतो. कॅमेऱ्यात पाणी गेलं नाही, पण प्रत्येक शॉटमध्ये एक उभी पट्टी फाटल्यासारखी दिसते. एक मासा मधोमध तुटलाय आणि नवऱ्याला डावा खांदाच नाही! कॅमेरा बदलून मागू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका मागू, कॅमेरा ठणठणीत आहे. पाणी आत न जाणं वेगळं आणि पाण्यात चित्र नीट येणं वेगळं. खोक्यावर फक्त पहिल्याची हमी असते.

होडीतून पाण्यात घातलेलं वल्हं मोडल्यासारखं दिसतं ना? तेच इथे झालंय. या कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावलेल्या दोन फिशआय (खूप रुंद बघणाऱ्या) लेन्स असतात. हवेत प्रत्येक लेन्स १८० अंशांपेक्षा थोडं जास्तच बघते आणि त्या जास्तीच्या काठावर सॉफ्टवेअर दोन चित्रं शिवतं. काच थेट पाण्याला लागली की प्रकाश हवेतल्यासारखा वळत नाही, लेन्सची नजर आखडते. काठच उरला नाही तर शिवणार कशाला? नवऱ्याचा खांदा त्या फटीत गेला.

उपाय म्हणजे डोम (लेन्सवर फुगीर पारदर्शक घुमट) असलेली डाइव्ह केस. डोम आणि लेन्सच्या मध्ये हवा राहते, त्यामुळे लेन्सला आपण पाण्यात आहोत याचा पत्ताच लागत नाही. नंतर ॲपमध्ये स्टिचिंगला, म्हणजे चित्रं शिवण्याला, डाइव्ह केसचा पर्याय निवडायचा. हे विसरून ‘केस घेऊनही तेच’ अशी पत्रं मला येतात. केस हवेने भरलेली, म्हणून वर पळते. स्टिक घट्ट धरा. माणूस किंवा मासा कायम एका लेन्सच्या समोर ठेवा, कडेला नको. अगदी जवळची वस्तू शिवणीवर आली तर केस असूनही तुटते.

आणि एक खरं सांगते, एकट्या माशासाठी हा कॅमेरा नव्हेच. ५.७के म्हणजे ५७६० पिक्सेल, पण ते सगळ्या गोलावर पसरलेले. त्यातला ९० अंशांचा तुकडा कापलात तर रुंदीला १४४० उरतात. त्यात मालवणचं हिरवट, गाळाचं पाणी. माशासाठी साधा ॲक्शन कॅमेरा घ्या. ३६०चा उपयोग वेगळा : वर होडीचा तळ, खाली खडक, बाजूला बुडबुडे सोडणारा गाइड आणि मध्ये डोळे विस्फारलेले तुम्ही, सगळं एका शॉटमध्ये.

प्रश्न : केस आहे, पण दहा मिनिटांत आतून धुकं धरतं. गळते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. होडीवर, दमट हवेत केस बंद केली असणार. आत कॅमेरा तापतो, बाहेर पाणी गार, मग काचेवर दव. रात्री एसीच्या खोलीत, कोरड्या हातांनी, सिलिका जेलची पुडी घालून बंद करा आणि डाइव्ह संपेपर्यंत उघडू नका.

तरी शंका असेल तर कॅमेरा काढून आत टिश्यू पेपर घाला आणि केस अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. बादली उथळ म्हणून हसू नका. खोलवर पाण्याचा दाब ओ-रिंगला (केसच्या झाकणाची रबरी कडी) उलट आवळतो. पुष्कळ गळत्या वरच्या हातभर पाण्यातच सुरू होतात. माझी केस तारकर्लीला अशीच गळली होती. ओ-रिंगवर माझाच एक केस, डोक्यावरचा! पायऱ्यांवरून उतरतानाच आत पाण्याची रेघ दिसली, आणि मी मूर्खासारखी ‘दव असेल’ म्हणून खाली गेले. तो कॅमेरा आता पेपरवेट आहे.