वादळानंतरची परसबाग: आधी मुळं, मग पानं

प्रश्न: वादळात दोडका-पडवळाचा मांडव कोसळला, वांगी-मिरच्या आडव्या झाल्या. पाऊस थांबून ऊन पडल्यावर उभी असलेली रोपंही माना टाकू लागली. रोज दोन वेळा पाणी घालतोय, थोडा युरियाही दिला. फरक नाही. काय करावं? (वाचक, गुहागर)

उत्तर: पाणी आणि युरिया आजच थांबवा. ही रोपं तहानलेली नाहीत. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि हवेवाचून मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून माती ओली असूनही पानं कोमेजतात. वरून आणखी पाणी घातलं तर मुळं कुजतात. युरियाही गुदमरलेल्या मुळांना घेता येत नाही, पुढच्या सरीबरोबर तो वाहून जातो.

पहिलं काम निचऱ्याचं. वाफ्याच्या उताराकडच्या कडेला वीतभर रुंद आणि वीतभर खोल चर काढा, त्याचं तोंड मोकळं ठेवा. खाली जांभ्याचा कातळ आणि वर दीड-दोन फूटच माती असेल, तर पाणी खाली जिरेल म्हणून वाट पाहू नका, ते बाजूनेच काढावं लागतं. ओल्या वाफ्यात पाय देऊ नका, माती दबून आणखी घट्ट होते. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचल्यावर फुटू लागला, की खुरप्याने वरचा इंचभर थर मोकळा करा. त्याहून खोल जाऊ नका.

आडवी वांगी-मिरची एका झटक्यात सरळ करू नका, धरून राहिलेली मुळंही तुटतात. रोपापासून चार बोटं दूर काठी रोवा, सुंभाने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा, दोन-तीन दिवसांनी थोडं आणखी उचला. उघड्या मुळांवर माती चढवा. मोडलेलं वांगं जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, खालून फुटवे येतात. कलमी रोप असेल तर काप सांध्याच्या वरच घ्या.

भेंडी आणि वेल मुळातून हलले असतील तर त्यांच्यावर वेळ घालवू नये, ती मुळं पुन्हा नीट धरत नाहीत. वेल नुसता पिचला असून मूळ जागेवर असेल, तर मात्र पिचलेल्या जागेच्या खाली कापून ठेवून बघा.

बुंधा मऊ, काळपट दिसला तर कॉपर ऑक्सिक्लोराईड (५० टक्के) हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला २.५ ते ३ ग्रॅम मिसळून बुंध्याशी ओता. त्याच वेळी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) देऊ नका. तीही बुरशीच, तांब्याने मरू शकते. दोन्हींत पंधरवड्याचं अंतर ठेवा. खत नवी पालवी दिसल्यावरच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला ५ ग्रॅम फवारा, मग आळ्यात दोन मुठी गांडूळखत.

प्रश्न: घर किनाऱ्याला लागून आहे. वादळानंतर मिरची, माठ, पडवळाच्या पानांच्या कडा करपल्या, त्याही समुद्राकडच्या बाजूने जास्त. रोग आहे का? (वाचक, देवगड)

उत्तर: रोग नाही. वाऱ्याबरोबर आलेले खारे तुषार पानांवर सुकले. बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. वाऱ्यानंतर पाऊस झाला नसेल तर विहिरीच्या गोड पाण्याने सकाळी पानं वरून आणि खालून धुवा. अर्धी हिरवी पानं काढू नका, नवी पालवी येईपर्यंत रोपाला त्यांचाच आधार असतो. खाडीचं पाणी वाफ्यात शिरलं असेल तर गोष्ट वेगळी: पावसाने मीठ खाली धुवून जाईपर्यंत नवीन पेरू नका, आणि त्या पाण्यात भिजलेल्या पालेभाज्या खाऊ नका.

प्रश्न: मांडव पुन्हा कसा घालावा? (वाचक, श्रीवर्धन)

उत्तर: उंची कमी करा, पाच फूट पुरे. मेढी दीड-दोन फूट खोल गाडा आणि नैऋत्येकडच्या मेढींना बाहेरून तारेचे ताण द्या. वर मोठ्या छिद्रांची नायलॉन जाळी घ्या, प्लॅस्टिक नको. वाऱ्याच्या बाजूला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी (शेडनेट) बांधा: थोडा वारा जाऊ देणारा आडोसा भिंतीपेक्षा बरा, कारण भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करून खाली आपटतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी तुमच्याच किनाऱ्यावर आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही नेमकी पेरणीच्या तोंडावर. म्हणून बी एकदम पेरू नका, निम्मं राखून ठेवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण हरिता दोडक्याचं किंवा कोकण श्वेता पडवळाचं बी मिळालं तर तेच घ्या. एका आळ्यात तीन बिया, इंचभर खोल.