टाकी उंच नको, लांब घ्या. पण आत्ता नको

नमस्कार. माशांची मोठी टाकी घ्यावी का आणि कुठली, असं तुम्ही विचारलंय. तुमचा हिशेब असा दिसतो: हातात पगार ४६,०००, भाड्यासह घरखर्च ३४,०००, एसआयपी ५,०००, बचत खात्यात ७०,०००. ३०० चौरस फुटांच्या वन आरकेचं भाडं १२,००० आणि अकरा महिन्यांचा करार चार महिन्यांत संपतोय. सध्याची माशांची टाकी दोन बाय एक फुटाची. आता दुकानदार जागा वाचवायला २ × १ × २.५ फुटांची उंच टाकी सुचवतोय, २१,००० ला. तुम्हाला हवी आहे ३ × १.५ × १.५ ची, स्टँड, फिल्टर, लाइट धरून २४,०००, नऊ हप्त्यांत २,९५० प्रमाणे.

उंच टाकीत पैसे घालू नका. पाणी १४० लिटर मावेल, पण ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागातून मिसळतो आणि तो आजच्या इतकाच, दोन चौरस फूट. मासे फारसे वाढवता येणार नाहीत. शिवाय काच जाड लागते, लाइट तळापर्यंत पोचायला जास्त ताकदीचा लागतो आणि तळ साफ करायला स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. वजनही तिथेच एकवटतं: नुसत्या पाण्याचं दर चौरस फुटाला ७० किलो. तीन फुटी टाकीत पाणी १९० लिटर, पण चौरस फुटाला भार ४२ किलोच. तीही तुळईच्या रेषेत, भिंतीलगत ठेवा आणि आधी घरमालकाला विचारा. राहिली जागा: ती अडीच चौरस फूट जास्त खाईल, म्हणजे तुमच्या भाड्याने महिन्याला १०० रुपये. एवढ्यासाठी उंच टाकी घ्यायची?

खरा खर्च नंतर सुरू होतो. २० वॉटचा फिल्टर चोवीस तास आणि ३० वॉटचा लाइट आठ तास, म्हणजे महिन्याला साधारण २२ युनिट. तुमचं बिल १०० युनिटच्या पुढे जात असेल तर हे सगळे चढ्या दराचे; १२ रुपये धरले तर २६० च्या आसपास. खाद्य, क्लोरीन काढायचं औषध धरून ७०० बाजूला ठेवा. आठवड्याला पाव पाणी बदलायचं, म्हणजे अडीच बादल्या. पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर हे आधी बघा.

हप्ते नकोत. नऊ हप्त्यांचे २६,५५० होतात आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजावर जीएसटी वेगळा. बचतीलाही हात लावू नका. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा; त्याला १,०२,००० लागतात, तुमच्याकडे ३२,००० कमी आहेत. एसआयपीनंतर उरणाऱ्या ७,००० पैकी निम्मे ही तूट भरायला, निम्मे टाकीसाठी सात महिन्यांच्या बँकेच्या आवर्ती ठेवीत. २४,५०० होतात. तोवर कराराचंही कळेल. घर बदलावं लागलं तर भरलेली टाकी रिकामी करून हलवण्याचा व्याप टळतो.

टाकी आल्यावर जुना फिल्टर न धुता महिनाभर नव्या फिल्टरसोबत चालू ठेवा. त्यातले जिवाणू माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवतात. ते नसले की नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांतच मासे मरू शकतात, आणि पुन्हा पुन्हा मासे आणण्यात बजेट फुटतं.