10 बाय 11 च्या भाड्याच्या खोलीत दिवे कुठे लावले तर ती मोठी वाटेल?

तुम्ही लिहिलंय की खोली 10 बाय 11 ची आहे, दारावर 20 वॉटचा एकच एलईडी बॅटन (ट्यूबसारखा लांब पट्टीचा दिवा) आहे, घरमालक भिंती फोडू देणार नाहीत आणि दिवेलागणीनंतर खोली अंगावर येते. मी 16 वर्षं वायरमनचं काम करतो आणि लहानाचा मोठा झालो तो मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत. त्यामुळे 'अंगावर येते' म्हणजे काय ते मला नीट कळतं. तोडफोड न करता यात बराच फरक पाडता येतो.

मोठा दिवा आणून लावू नका. 20 वॉटचा चांगला बॅटन साधारण 2000 ल्युमेन (उजेड मोजायचं माप) उजेड देतो आणि तुमची खोली जेमतेम 10 चौरस मीटरची आहे, म्हणजे उजेड पुरेसा आहे. लोक 20 चा काढून 36 चा लावतात. त्याने दारावरची भिंत आणखी झळाळते, डोळे त्या झळाळीला सरावतात आणि कपाटाच्या बाजूचा कोपरा आधीपेक्षा काळा दिसायला लागतो. जो कोपरा नजरेला दिसत नाही, तो आपण खोलीत धरतच नाही. तुमची खोली रात्री लहान होते ती यामुळेच.

म्हणून उजेड छतावर आणि समोरच्या भिंतीवर पाडायचा. जर्मनीत माइन्त्स विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्या जवळचा प्रयोग करून 2010 मध्ये छापला होता. खोलीचं छत फिकट असेल तर ती उंच वाटते, भिंती फिकट असतील तरीही उंच वाटते आणि दोन्ही फिकट असतील तर परिणामात भर पडते, असं त्यांना दिसलं. तो प्रयोग रंगाच्या फिकेपणावर होता. पण रात्री पांढरं छतही दिवा पोचला नाही तर राखाडीच दिसतं, त्यामुळे माझ्या कामात मी तोच धडा उजेडाला लावतो.

आमच्या चाळीत मधून लांब व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना खोल्या. खिडकी एकाच बाजूला, दार उघडलं तरी समोर अंधारा व्हरांडाच. खोलीत एक ट्यूब होती. मी काम शिकायला लागलो त्या वर्षी एक जुनी 2 फुटी पट्टी लोखंडी कपाटावर आडवी ठेवली, तोंड छताकडे करून. आई स्वयंपाक करत होती, ती हातातलं टाकून वर बघत राहिली. "भिंत मागे सरकली रे," म्हणाली. खोलीचं सामान तेवढंच, माणसंही तेवढीच. मी हाच धंदा करायचं त्या दिवशी ठरवलं.

तुम्हीही तेच करा. 10 वॉटचा 2 फुटी बॅटन घ्या, त्याला वायर आणि प्लग लावून घ्या, म्हणजे भिंतीत काहीच करावं लागणार नाही. कपाटावर पुढच्या कडेपासून एक वीत आत ठेवा. खालून बॅटन दिसता कामा नये, फक्त उजळलेलं छत दिसलं पाहिजे. कपाट आणि छत यांत निदान दीड फूट जागा हवी. त्याहून कमी असेल तर छतावर एकच पांढरा डाग पडतो आणि बाकी खोली तशीच राहते. कपाटावर गाद्या, बॅगा, खोके असतील तर ते बॅटनपासून लांब सरकवा, एलईडीलाही हवा लागते. आणि महिन्यातून एकदा फडकं मारा. वर तोंड केलेल्या दिव्यावर धूळ भराभर बसते आणि उजेड खाते.

हे करताना माझी एकदा चूक झाली होती, ती तुमची होऊ नये. एका गिऱ्हाइकाकडे मी दिवा अशा जागी ठेवला की मधे पंखा आला. पंखा सुरू केल्याबरोबर पात्यांच्या सावल्या छतभर फिरायला लागल्या, त्या घरातल्या आजींना चक्कर आल्यासारखं झालं. तेव्हापासून मी काहीही पक्कं करण्याआधी पंखा पूर्ण वेगाने चालवून पाहतो. सावली फिरताना दिसली तर दिवा पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात न्यायचा.

दुसरा दिवा दारासमोरच्या भिंतीसाठी. आत शिरल्यावर पहिली नजर तिथे जाते, ती भिंत उजळली की खोली लांब वाटते. क्लिपवाला छोटा दिवा किंवा पडद्याच्या दांडीमागे एलईडी स्ट्रिप चालते. मात्र दिवा भिंतीला अगदी चिकटवू नका. तसं केलं की प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा, पोपडा आणि ओलीचा डाग उठून दिसतो. एक फूट लांबून उजेड पडू द्या. स्ट्रिप घेतलीत तर दुधी झाकणाच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे स्ट्रिप बसवायच्या पन्हळीत, बसवा, नाहीतर एकेक ठिपका दिसतो.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: सगळे दिवे एकाच रंगाचे, आणि पांढऱ्या किंवा क्रीम भिंतींना 4000 केल्विन. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर. दुकानदार न विचारता 6500 देतो, खोक्यावर आकडा वाचून घ्या. एक दिवा निळसर आणि दुसरा पिवळा असेल तर खोलीचे दोन तुकडे झाल्यासारखे दिसतात.

फॉल्स सीलिंगचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भाड्याच्या घरात ते होणारही नाही, पण स्वतःच्या घरातही 9 फुटांच्या उंचीतले 5-6 इंच देऊन टाकणं मला पटत नाही. दिवसासाठी एवढंच करा की पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना 6-6 इंच पुढे जाईल अशी घ्या, म्हणजे पडदा सरकवल्यावर पूर्ण काच मोकळी होते.

काही विकत घेण्याआधी आज रात्री बॅटन बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च लावून कपाटावर, मग खिडकीशी, मग पलंगामागे, असा छताकडे तोंड करून धरा. प्रत्येक वेळी दारात उभं राहून बघा. टॉर्चचा उजेड थोडा असतो, पण जागा कोणती चांगली ते लगेच कळतं. कपाटाची उंची आणि पंख्याची जागा खाली लिहिलीत तर बॅटन नेमका कुठे ठेवायचा ते सांगतो.