साडेसात लाखांचा गालिचा

प्रश्न: मिस्टरांच्या निवृत्तीच्या पैशातली साडेसात लाखांची ठेव पुढच्या महिन्यात मोकळी होते आहे. मुंबईतला एक विक्रेता तेवढ्यातच ११० वर्षांचा इराणी हेरीझ गालिचा देतो आहे. दहा वर्षांत दुप्पट होईल म्हणतो. घ्यावा का?

उत्तर: ताई, तुमची नजर चुकलेली नाही. इराणातल्या तबरीझ शहराच्या पूर्वेकडचं हे हेरीझ गाव. सुती ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, जाड लोकरीच्या गाठी मारलेल्या असल्याने तिथल्या नक्षीत वळणं कमी, कोन जास्त. मधलं टोकदार पदक आणि मुळांपासून काढलेला मंजिष्ठी लाल एकदा मनात बसला की निघत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

पण दुप्पट? ७ टक्क्यांनी ठेवही दहा वर्षांत, कर न धरता, पावणेपंधरा लाखांच्या आसपास जाते. गालिच्याचं गणित पहिल्याच दिवशी मागे पडतं. विकत घेऊन दुसऱ्या दिवशी विकायला काढलात आणि समजा साडेचार लाख हातात आले, तर ठेवीची बरोबरी करायला तिथून वर्षाला साडेबारा टक्के हवेत. शिवाय कसर लागते, उन्हाने रंग उडतो, आणि व्याज तर एक रुपयाही नाही.

खरी गोम ‘११०’ या आकड्यात आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभरी ओलांडलेली कलावस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ती देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद आहे. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांतले भाव विक्रेता दाखवेल, पण तुमचा गालिचा तिथे पोचणारच नाही. (अमेरिकेने तर २०१८ पासून इराणी गालिच्यांची आयातच थांबवली आहे.) त्याच्याकडे परवाना मागा. ‘त्याची गरज नाही’ म्हणाला, तर मग तो ११० वर्षांचा कसा, हेही विचारा.

दुसरं, ‘पाच वर्षांनी किती किमतीला परत घ्याल?’ हे लेटरहेडवर लिहून मागा. तोंडी वचनं नकोत. ओला पांढरा रुमाल गालिच्यावर घासून बघा, रंग उतरला तर तिथेच उठा.

ही ठेव तुमच्या म्हातारपणाच्या औषधपाण्याची असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. औषधपाणी, वर्षभराचा घरखर्च आणि विमा वेगळे काढूनही पैसे उरत असतील, तर छोटा, चाळीस-पन्नास वर्षांचा हेरीझ शोधा. तो दिवाणखान्यात अंथरा, वर बसून चहा प्या, आणि वहीत खर्चाच्या रकान्यात लिहा.