हातचा कुठे सुटतो? : कृती संशोधनावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कृती संशोधनाविषयी, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातली एक अडचण घेऊन तिच्यावर उपाय करून पाहणे आणि काय झाले ते तपासणे याविषयी, प्रश्न मागवले होते. त्यातले काही एकत्र करून, काही थोडक्यात करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे, पट २६. त्यांतल्या ११ मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही. ‘विद्यार्थ्यांमध्ये गणिताची गोडी निर्माण करण्यासाठी विविध उपक्रमांची परिणामकारकता’ असा विषय दिला, तर केंद्रप्रमुखांनी ‘विषय फार मोठा’ म्हणून परत केला. लहान कसा करायचा?
— शिक्षिका, जि. प. शाळा, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचा विषय पत्राच्या दुसऱ्याच वाक्यात आहे, शीर्षकात मात्र तो हरवला. ‘गोडी’ मोजता येत नाही आणि ‘विविध उपक्रम’ म्हटले की कशाचा उपयोग झाला हे शेवटी कळत नाही. ११ मुले आणि हातच्याची वजाबाकी, एवढेच ठेवा.

पण लगेच उपक्रमाकडे धावू नका. आधी मुले नेमकी काय चुकतात ते पाहा. १२ उदाहरणांची एक चाचणी काढा, चार प्रकारांची प्रत्येकी तीन : बिनहातच्याची (४८ − २३), एककात हातचा (५२ − २७), दोन ठिकाणी हातचा (५३१ − २७६) आणि मध्ये शून्य असलेली (४०३ − १७८). प्रकार एकामागून एक न देता मिसळून द्या. तीनच का? एक चूक नजरचुकीने होते. तिनांपैकी दोनदा तीच चूक आली तर ती मुलाची पद्धत आहे असे धरायचे.

तपासताना नुसती फुली मारू नका, चुकलेले उत्तर उतरवून घ्या. ४०३ − १७८ चे उत्तर २२५. कोणी ३७५ लिहील : त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. कोणी ३३५ लिहील : हातचा घेतला, पण ज्याच्याकडून घेतला त्याचे कमी केले नाही. कोणी १३५ लिहील : दोन्ही वेळा थेट शतकाकडून घेतले, मधल्या शून्याला वगळले. तिघांनाही शून्य गुण मिळतील, पण तिघांची अडचण वेगळी आहे. ३३५ वाल्याला हातचा समजतो, नोंद राहते. ३७५ वाल्याला हातचा ही गोष्टच उमगलेली नाही. खात्रीसाठी प्रत्येकाला एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. मुलामागे चार-पाच मिनिटे लागतात. बाकीचे स्वाध्याय करत असताना तीन दिवसांत ११ मुले होतात.

३७५ वाल्यांकडून ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे वाक्य हमखास ऐकू येईल. ते त्यांनी शोधलेले नाही, दुसरीत आपणच सांगितलेले असते. संख्येपुरते ते चालून जाते. मूल ते अंकालाही लावते. तेव्हा संशोधनाचा प्रश्न ‘मुलांना का येत नाही’ असा न ठेवता ‘मी कसे शिकवले आणि आता काय बदलणार’ असा ठेवा.

कृती एकच निवडा. दोन अंकांसाठी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. तीन अंकांसाठी खेळातल्या नोटा, प्रत्येक जोडीला शंभराच्या ५, दहाच्या २० आणि एकच्या २० पुरतात. ४०३ मध्ये दहाची नोट नसतेच. म्हणून शंभराची मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक मोडून एकच्या दहा घ्यायच्या. हातात उरतात ३ शतक, ९ दशक, १३ एकक. मधल्या शून्याचे ९ कसे होतात हे मुलाला इथे दिसते, फळ्यावर दिसत नाही.

रोज २० मिनिटे, आठवड्याला पाच दिवस, तीन आठवडे. म्हणजे १५ तासिका. बिघडते ते बहुधा एकाच जागी : मूल नोटा बरोबर मोडते, मग त्या बाजूला सारून वहीत जुन्याच पद्धतीने लिहिते. काड्या हा एक खेळ आणि वही हे दुसरेच काम, असे होऊन बसते. म्हणून ५२ − २७ मध्ये गठ्ठा सोडला की त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ लिहायचे, मग पुढची काडी. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

प्रश्न : तिसरीतल्या १४ मुलांचे वाचन मिनिटाला सरासरी ३१ शब्दांवरून ५८ वर आले. शिक्षण परिषदेत मांडले तर ‘नियंत्रित गट (उपक्रम न दिलेला, तुलनेसाठीचा गट) कुठे आहे?’ असे विचारले गेले. एकच तुकडी असलेल्या शाळेने तो कुठून आणावा?
— शिक्षक, नाशिक जिल्हा

उत्तर : आणू नये. ‘कृती संशोधन’ ही कल्पना कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडली ती सामाजिक प्रश्नांसाठी; कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या पुस्तकात ती शाळेत आणली. शिक्षकाने आपले निर्णय आपल्याच वर्गात तपासावेत एवढाच त्यांचा रोख होता. महाराष्ट्रातल्या सगळ्या तिसऱ्यांबद्दल निष्कर्ष काढायचा नसेल, तर नियंत्रित गटावाचून अडत नाही. १४ मुलांवर सांख्यिकी कसोट्या लावून अहवाल जड करण्याचीही गरज नाही.

मात्र तुम्हाला विचारायला हवे होते ते प्रश्न दुसरेच. दोन्ही वेळी उतारा तोच होता का? तसे असेल तर ५८ मध्ये पाठांतर किती आणि वाचन किती हे सांगता येणार नाही. दर वेळी मुलाने न पाहिलेले तीन उतारे घ्या, प्रत्येकी साधारण १०० शब्दांचे. मिनिटभर वाचून घ्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि तीन आकड्यांतला मधला धरा. उतारे सारख्या अवघडपणाचे हवेत. मराठीत त्यासाठी जोडाक्षरे मोजणे हा सोपा उपाय आहे. शिवाय ‘शाळेसमोरच्या’ हा आपल्याकडे एक शब्द, हिंदीत त्याचे तीन-चार होतात. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द आणि तेही समजून, असे लक्ष्य आहे. पण लांब शब्दांनी भरलेल्या उताऱ्यावरचे ५० आणि ‘कमल घर बघ’ छापाचे ६० यांची तुलना करू नका.

दुसरे म्हणजे सरासरी. चार मुले ४० वरून ९० वर गेली आणि दोन १२ वरच राहिली, तरी सरासरी छानच दिसते. ओळीने १४ मुले, प्रत्येकापुढे आधीचा आणि नंतरचा आकडा, असा तक्ता द्या. त्या दोन मुलांवरच संशोधनाचे पुढचे चक्र, म्हणजे पुन्हा उपाय आणि पुन्हा मोजणी, बेतायचे असते.

तुलना हवीच असेल तर गट टप्प्याने सुरू करा. पहिल्या सात मुलांना आज, उरलेल्या सातांना चार आठवड्यांनी. मोजणी मात्र दर शुक्रवारी सगळ्यांची. आलेखात पहिल्या गटाची रेषा लगेच वर गेली आणि दुसऱ्याची त्यांची पाळी आल्यावरच, तर तुमच्या म्हणण्याला वजन येते आणि कोणी वंचितही राहत नाही. उपक्रम थांबवल्यावर तीन आठवड्यांनी आणखी एकदा मोजा. बरेच अहवाल हे टाळतात, कारण आकडा खाली येतो.

प्रश्न : दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. ‘स्थलांतरित विद्यार्थ्यांची उपस्थिती वाढवणे’ हा विषय घेऊ का?
— शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : नको. कोयता उचलायचा की नाही हे वर्गात ठरत नाही आणि हंगामी वसतिगृहाची सोय करणे एकट्या शिक्षकाच्या हातात नसते. ज्यावर तुमचे नियंत्रण नाही त्यावर केलेले संशोधन ‘पालकांची उदासीनता’ या निष्कर्षावरच संपते, आणि तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

तुमच्या हातात आहे ते मूल परत आल्यावरचे पहिले दोन आठवडे. मार्च-एप्रिलमध्ये आलेले मूल थेट चालू धड्यावर बसवले जाते आणि पुन्हा गळते. प्रश्न असा ठेवता येईल : परतलेल्या मुलाला पहिले दहा दिवस रोज अर्धा तास, ते गेले तेव्हा जिथे होते तिथून शिकवले, तर त्याची पुढच्या महिन्यातली उपस्थिती टिकते का? त्यासाठी जाण्याआधीची नोंद लागते. हे काम दिवाळीपूर्वीच करायचे : प्रत्येक मुलाचे एक कार्ड, त्यावर वाचनाची पातळी, कोणत्या क्रियेपर्यंत गणित येते आणि शेवटचा धडा. एक प्रत मुलाबरोबर द्या. तिकडे कारखान्याजवळच्या शाळेत बसवले गेले तर तिथल्या शिक्षकांना उपयोगी पडते.

प्रश्न : बी.एड.साठी तयार प्रकल्प विकत मिळतात. नाव बदलून दिला तर चालतो का?

उत्तर : नाही. शिवाय परीक्षकाला तो ओळखूही येतो : पूर्वचाचणीत सगळे नापास, उत्तरचाचणीत सगळे पास, गैरहजर कोणीच नाही. खऱ्या वर्गात १५ तासिकांपैकी एक स्नेहसंमेलनात जाते, दोन मुले तापाने घरी असतात. ते लिहा.

प्रश्न : अहवाल किती पानांचा असावा? मुलांची नावे, फोटो द्यावेत का?

उत्तर : पुढच्या वर्षी तुमच्या वर्गावर येणाऱ्या शिक्षकाला एका बसण्यात वाचता येईल एवढा, आठ-दहा पाने खूप झाली. समस्या, आधीची नोंद, काय केले, काय झाले, काय फसले, पुढे काय. प्रस्तावनेत थोरांची वचने नकोत. नावांऐवजी क्रमांक द्या, नावांची यादी शाळेत वेगळी ठेवा. ‘अप्रगत’ असे लिहून मुलाचा फोटो छापला की तो गावभर फिरतो. वहीतल्या वजाबाकीचा फोटो मात्र जरूर घ्या, नाव झाकून.