कोर्स संपला, आता माझं कोण वाचणार?

सर्जनशील लेखनाची एक वर्षाची पदविका घेतलेली २६ वर्षांची मुलगी. राहायला नाशकात इंदिरानगरला, नोकरी अंबडच्या एमआयडीसीत, हिशेब खात्यात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिचा प्रश्न आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारे पुष्कळजण विचारतात: "वर्गात होते तेव्हा महिन्याला एक कथा व्हायची. कोर्स संपल्यापासून आठ महिन्यांत एकही पुरी झाली नाही. दुसरा कोर्स लावू का? आई म्हणते, किती वर्षं शिकतच राहणार?"

तिला कोर्सनंतरचं सगळं लिखाण घेऊन बोलावलं. सहा कथा निघाल्या, सगळ्या अर्धवट. पण प्रत्येकीची पहिली तीन पानं घोटून घोटून गुळगुळीत केलेली. हे लक्षण ओळखीचं आहे. लिहिता येत नाही म्हणून असं होत नाही. तारीख नसली की माणूस पुढचं लिहिण्याऐवजी मागचंच दुरुस्त करत बसतो, कारण त्यात चुकण्याची भीती कमी. शिकलेलं तंत्र तिच्याजवळ होतंच. गेलं होतं ते ठरलेल्या तारखेला वाचणारं माणूस. तेवढ्यासाठी पुन्हा वर्षभराची फी भरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्राध्यापकी करायची असेल तर एम.ए. आणि नेट-सेटचा मार्ग वेगळा. तिला तो नको होता. तिशीखालच्यांसाठी केंद्राची पीएम-युवा योजना आहे. २०२१ च्या पहिल्या फेरीत ७५ जणांना सहा महिने मार्गदर्शन आणि दरमहा ५०,००० रुपये होते, पण विषय ठरवून दिलेला, स्वातंत्र्यलढ्याचा. स्वतःच्या कथा पुऱ्या करायच्या असतील तर तिचा उपयोग नाही.

तिने मार्गदर्शक शोधलाच नव्हता असं नाही. जुन्या सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर ९० पानांची पीडीएफ पाठवली होती, सोबत एक ओळ: "सर, वेळ मिळाला की बघा." उत्तर आलं नाही आणि आपलं लेखन टाकाऊ आहे असा अर्थ तिने काढला. अशा निरोपाला उत्तर द्यायचं तरी कसं? किती वाचायचं, कशासाठी, कधीपर्यंत, काहीच सांगितलेलं नसतं.

नोकरी सांभाळून मार्गदर्शकाला ठरावीक अंतराने पानं पाठवायची, ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या गोडार्ड कॉलेजने १९७६ मध्ये लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमच तिच्यावर उभा केला. विद्यार्थी अधूनमधून काही दिवस एकत्र येत, एरवी घरून पानं आणि पत्रं पाठवत. पदवी सोडली तर यातलं बहुतेक सगळं नाशकात दोन माणसांना करता येतं.

तिने सरांना पुन्हा लिहिलं: "जानेवारी ते जून, दर महिन्याच्या ५ तारखेला १२ पानं देईन. २० तारखेनंतर पाऊण तास भेटाल का? मानधन किती द्यावं तेही सांगा." दोन दिवसांत होकार आला. मानधनाचं विचारायला मुलं संकोचतात आणि मग सरांवर ओझं टाकतोय असं वाटून मध्येच स्वतः थांबतात. म्हणून ते पहिल्याच पत्रात हवं.

पानं छापील आणि पाठकोरी. १४ पॉइंट, दीड ओळीचं अंतर, डावीकडे दीड इंच समास, पेन्सिलीसाठी. बारा पानांत तीन-साडेतीन हजार शब्द बसतात, म्हणजे मध्यम लांबीची एक कथा. वर एक पानाचं पत्र: या महिन्यात काय करून पाहिलं, कुठे अडलं, काय वाचलं आणि सरांसाठी एकच प्रश्न. "कशी वाटली?" विचारलं तर "छान आहे" एवढंच ऐकायला मिळतं. तिने विचारलं, "सासू मुद्दाम दार उघडत नाही, हे तुम्हाला कुठल्या ओळीत कळलं?" त्या ओळीवर खूण करता येते. वाचनासाठी १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच. महिन्याला दोन कथासंग्रह पुरेत, पण एका कथेवर तरी पानभर टिपण हवं: लेखकाने मधली वर्षं कशी ओलांडली, संवाद कुठे तोडला.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात असते. पहिले दोन गठ्ठे जुन्या साठ्यातून निघतात, तिसऱ्याला सगळं नवं लागतं. तिच्या बाबतीत तो आला मार्चमध्ये, ऑफिसातल्या वर्षअखेरीच्या धावपळीत. तारीख पुढे ढकलू का, असं तिने विचारलं. आम्ही नको म्हटलं. एकदा तारीख हलली की पुढची कुणीच पाळत नाही. पानं कमी झाली तर चालतात. तिने सात कच्ची पानं दिली.

एप्रिलमध्ये वेगळीच अडचण आली. सर तिची वाक्यं स्वतःच बदलून लिहू लागले होते आणि वाक्यं चांगली असल्याने ती तशीच उतरवत होती. दोन कथांमधली पात्रं सरांसारखी बोलू लागली. "सर, अडेल तिथे फक्त रेघ मारा, वाक्य मी शोधते," असं तिने सांगितलं, तेव्हा सरांना ते रुचलंच. तोच खर्डा मित्रमंडळींच्या ग्रुपवरही टाकायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. चार जणांचे चार सल्ले पाळले की कथेचा सूर हरवतो.

जूनपर्यंत दोन कथा पुऱ्या झाल्या, तिसरी बाजूला ठेवली. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात चालते, म्हणून दोन्ही लगेच दोन वेगळ्या संपादकांकडे गेल्या. एकच कथा दोघांना पाठवायची नाही. जुलैपासून सरांशी भेट दर सहा आठवड्यांनी ठरली आहे, पानं बाराच.