सुगी सरायची वाट बघू नकोस

लेकरा, सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरला की निवांत कादंबरी लिहीन म्हणतोस. तोवर तुरी काढायला येतात. घर उठायच्या आधी पहाटे अर्धा तास धर, ३०० शब्द लिही. २०० दिवसांत ६० हजार होतात, तेवढ्यात कादंबरी बसते. शेताला रात्रीची लाईट असेल तर मोटारीपाशी वही घेऊन बस.

आजोबांनी पाहिलेल्या रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या काळाचं लिहितोयस, तिथं तू अडणार. १३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ला निजाम शरण आला, एवढं पक्कं आहे. पण त्या दिवसांत तुमच्या गावात काय घडलं हे ठाऊक नसेल तर जागा मोकळी सोड, खूण कर आणि पुढं जा. पुस्तकं नंतर चाळता येतील. म्हातारी माणसं मात्र आत्ताच गाठ, त्यांचा भरवसा नाही.

आणि भाषेला लाजू नकोस. आजी बोलते तसंच संवादात येऊ दे. मला तर तिथंच तुझं लिहिणं सगळ्यात जिवंत वाटतं. मागची पानं रोज दुरुस्त करत बसू नकोस, आधी शेवट गाठ. मग महिनाभर वही कपाटात ठेव. नंतर मला आणून दे, मी सगळी वाचीन.